नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

१६ डिसेंबर २०२५ रोजी टाटा मोटर्सने नव्या सिएराचं बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी सत्तर हजारांहून जास्त लोकांनी गाडी नोंदवली. यातल्या फार थोड्यांना ती चालवून पाहायला मिळाली होती. ज्या जुन्या सिएराच्या आठवणीने सगळे हळवे झाले होते, तिच्यात यांच्यापैकी कितीजण बसले असतील, हे विचारण्यातही अर्थ नाही. १९९१ ची सिएरा कधी फारशी खपलीच नव्हती. रस्त्यावर दिसली की पोरं माना वळवून बघायची, गल्लीत एखाद्या डॉक्टरच्या किंवा बिल्डरच्या दारात उभी असली तर काचेला नाक लावून आत डोकवायची. आठवण आहे ती बाहेरून पाहिलेल्या गाडीची.

गेल्या सात-आठ वर्षांत हे वारंवार घडलं आहे. २०१८ मध्ये जावा परत आली, २०२० मध्ये चेतक, २०२१ मध्ये सफारी, २०२२ मध्ये येझदी, २०२३ मध्ये करिझ्मा, २०२४ मध्ये लूना, २०२५ मध्ये कायनेटिक डीएक्स आणि वर्ष सरता सरता सिएरा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मग घरातली मंडळी नातवाच्या नाकात, चालीत, रागात आजोबा शोधत बसतात. शोरूममध्ये नेमकं तेच चाललेलं असतं. सेल्समन गाडीभोवती फिरवून ‘हा दिवा बघा, ही रेषा बघा’ म्हणतो आणि गिऱ्हाईक ‘हो, हो, अगदी तशीच’ म्हणत डोळे पुसायच्या बेतात येतं.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यात एका अनुस्वाराचा फरक आहे. जातिवंत गाडीवेड्याला दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त आवडतं. नव्या गाडीच्या नाकाकडे तो बघतोच, पण त्याचा खरा सवाल निराळा असतो. आजोबांनी त्यांच्या काळात एखादी अडचण सोडवली होती. नातू काय सोडवतो?

सिएरापासूनच सुरुवात करू. टाटा मोटर्सचं नाव तेव्हा टेल्को होतं. पिंपरी-चिंचवडमधली जुनी माणसं अजूनही ‘टेल्कोत होतो’ असंच सांगतात. ट्रक बनवणाऱ्या या कंपनीने १९८८ मध्ये टेल्कोलाइन नावाचा पिकअप आणला आणि त्याच्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा उभी केली. बाजारात तेव्हा ॲम्बॅसॅडर होती, पद्मिनी होती, मारुती ८०० होती. या गर्दीत एक तीन दरवाजांची, उंच, मागे काचेचं घर बांधल्यासारखी गाडी आली. पॉवर विंडो, एसी आणि पाठीला स्टेपनी लटकवलेली. मागच्या बाजूच्या काचा छतापर्यंत वळत गेलेल्या. त्या काळात ही गाडी दुसऱ्याच ग्रहावरून आल्यासारखी वाटली असेल तर नवल नाही.

पण नावं ठेवायची तर आजोबांनाही ठेवली पाहिजेत. त्या सुंदर काचा उघडत नव्हत्या. एप्रिलच्या दुपारी मागे बसलेला माणूस सांडग्यासारखा वाळून निघायचा. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडायची, साडी सावरायची आणि कमरेत वाकून आत शिरायचं. आजीला घेऊन पंढरपूरला जाण्याची ही गाडी नव्हती. १.९ लिटरचं डिझेल इंजिन जेमतेम ६३ अश्वशक्तीचं, त्यामुळे खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे लागलं की तिथेच राहायचं. पुढे टर्बो आलं आणि जीव आला. फोर बाय फोरही मिळायचं. तरी खरं सांगायचं तर सिएरा ही तिच्या मालकाच्या हौसेची गाडी होती, कुटुंबाच्या सोयीची नव्हती. गाडी म्हणजे चार दरवाजे, पांढरा रंग आणि ड्रायव्हर, ही समजूत तिने मोडली. ज्याला स्वतः चालवायला आवडतं त्याच्यासाठी देशात कुणीतरी गाडी बनवतंय, असं तिच्याकडे बघून पहिल्यांदा वाटलं. तिची कामगिरी हीच.

नवी सिएरा २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ११ लाख ४९ हजारांच्या सुरुवातीच्या किमतीला जाहीर झाली. हा शोरूमचा आकडा. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के वाहनकर लागतो, डिझेलवर १४. त्यात विमा धरला की सगळ्यात खालचं मॉडेलसुद्धा दारात यायला तेरा लाखांच्या पुढे जातं. दरवाजे आता पाच आहेत आणि ते बरोबरच आहे. तीन दरवाजांच्या हट्टापायी कुणी आज गाडी काढली तर तिचं कौतुक करणारे हजार भेटतील आणि घेणारे दहा. १.५ लिटरची तीन इंजिनं आहेत: साधं पेट्रोल, १६० अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल आणि डिझेल. मागे पाय पसरून बसता येतं, डिकीत गणपतीला गावी जाणाऱ्या चार माणसांचं सामान मावतं. वरच्या मॉडेलला डॅशबोर्डवर एका ओळीत तीन स्क्रीन आहेत आणि तिसरा शेजारी बसणाऱ्यासाठी आहे. वरंध घाटात डावीकडे दरी, उजवीकडे कडा आणि शेजारचा माणूस मालिका बघतोय, ही कल्पना ज्याला सुचली त्याला प्रवासाची फारशी आवड नसावी.

आणि ती काच? ती नाहीच. मागच्या खिडकीभोवती काळा पट्टा आणि वर काळं छत यांच्या मदतीने लांबून तिचा भास केला आहे. जवळ गेलं की पत्रा. सुरक्षेचे आजचे नियम, छताची मजबुती, वजन, खर्च ही सगळी कारणं समजण्यासारखी आहेत. काच नको होती तर तिचा भासही नको होता, असं मात्र गाडीवेड्याला वाटतं. आजोबांचा चष्मा नंबर काढून नाकावर चढवल्यासारखं ते दिसतं. त्याहून खटकते ती दुसरी गोष्ट. जुन्या सिएराला फोर बाय फोर मिळायचं; नवी जाहीर झाली तेव्हा सगळ्या मॉडेलांची ताकद फक्त पुढच्या चाकांना होती. रूप रांगडं, जाहिरातीत डोंगर, आणि चिखलात मात्र जपून. कोकणातल्या पावसाळी कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने ही नोंद घ्यावी. बाकी पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर करणाऱ्या घराला ही गाडी सुखाने वापरता येईल. म्हणजे गंमत अशी, की मालकाच्या हौसेच्या गाडीचं नाव घेऊन टाटांनी कुटुंबाच्या सोयीची गाडी काढली आहे. गाडी चांगली आहे. नाव उसनं आहे.

तरी सिएराचं उसनेपण सफारीइतकं उघडं नाही. १९९८ ची सफारी म्हणजे ट्रकसारख्या मजबूत चासीवरची, फोर बाय फोर मिळणारी, आमदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांनी वापरलेली गाडी. फेब्रुवारी २०२० मध्ये टाटांनी वाहन प्रदर्शनात हॅरियरची लांबवलेली, तीन रांगांची आवृत्ती मांडली, तेव्हा तिचं नाव ग्रॅव्हिटास होतं. पुढच्या वर्षी तीच गाडी सफारी म्हणून बाजारात आली. बारसं झालेल्या मुलाचं शाळेत घालताना नाव बदलावं तसं. सिएराची कल्पना निदान पहिल्या दिवसापासून सिएराच होती. त्याच २०२० च्या प्रदर्शनात ती त्याच नावाने मांडलेली होती.

दुचाकींकडे वळलं की आठवणीची जात बदलते. सिएरा लोकांनी बाहेरून पाहिली. चेतकवर ते स्वतः बसले. पुढे दोन पायांच्या मधल्या जागेत उभं राहून, हँडलचा मधला भाग घट्ट धरून शाळेत गेलेली एक अख्खी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. त्यांच्या मागे वडील, वडिलांच्या मागे आडवी बसलेली आई, आईच्या मांडीवर धाकटं आणि हुकाला भाजीची पिशवी. इंजिन एका बाजूला असल्यामुळे गाडीचा तोल मुळातच कललेला, आणि सकाळी चालू झाली नाही तर ती आणखी कलती करून, मग दणादण किका. प्लग काढून साफ करणं हे घरच्या कर्त्या माणसाला यावंच लागे, जसं कुकरची शिटी बदलणं यावं लागे.

चेतक आली १९७२ मध्ये. व्हेस्पाच्या इटालियन मालकांशी बजाजचा करार संपला होता, पण आकृती आणि अनुभव हाताशी होता. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं आणि स्कूटर अशी चालली की वर्षानुवर्षं थांबून नंबर लागायचा. ज्याच्याकडे परकीय चलन, त्याला आधी. २००९ च्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करून फक्त मोटरसायकलींवर लक्ष द्यायचं जाहीर केलं, तेव्हा राहुल बजाज यांनी आपल्याला हे पटलेलं नाही, वाईट वाटलं, असं उघडपणे सांगितलं. बापलेकांचा मतभेद असा चव्हाट्यावर येणं उद्योगात विरळाच. आकुर्डीच्या ज्या परिसरात चेतक घडत होती तिथेच विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला तो १० जून २०२२ ला, राहुल बजाज यांच्या ८४ व्या जयंतीच्या दिवशी. ते पाहायला ते नव्हते. चार महिन्यांपूर्वीच गेले होते.

जानेवारी २०२० मध्ये विजेची चेतक पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत एक लाखापासून पुढच्या किमतीला मिळू लागली. सुरुवातीला ती शोभेची वाटायची. गोलसर, गुळगुळीत, महाग आणि डिकीत हेल्मेटही धड मावेना. गाडीवेड्यांनी तेव्हा तिला खेळणं म्हटलं आणि ते चूक नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये ३५ मालिकेची चेतक आली आणि चित्र बदललं. बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली नेली, त्यामुळे सीटखाली ३५ लिटरची जागा मोकळी झाली आणि वजन खाली आल्याने वळणावर गाडी जास्त शहाण्यासारखी वागू लागली. आता ती संसाराची स्कूटर झाली आहे. पत्र्याचं अंग टिकवलं हेही बरं केलं. प्लॅस्टिकला तडा जातो, पत्रा ठोकून सरळ करता येतो.

मग नावं कशाला ठेवायची? स्टेपनीला. जुन्या चेतकच्या कडेला एक चाक लटकलेलं असायचं आणि माणूस वीस मिनिटांत रस्त्याच्या कडेला ते बदलून पुढे जायचा. नव्या चेतकला ते नाही, आणि ते एकट्या चेतकचं नाही, सगळ्याच स्कूटरांचं झालं आहे. पण स्टेपनी हे निमित्त. जुनी चेतक कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही झाडाखालच्या मेकॅनिककडे दुरुस्त व्हायची. तिचं खरं बळ तेच होतं. विजेच्या स्कूटरला काही झालं की लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असतो. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा बजाजला चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. एका चुंबकावाचून आकुर्डीचा घोडा तबेल्यात थांबला. हा दोष बजाजचा नव्हे, पण ज्या स्कूटरने ‘कुणाशिवाय अडत नाही’ असा भरवसा दिला होता तिच्या नावाला हा काळ जरा जड जातो. तरीही परत आलेल्या सगळ्या नावांत गाडीवेड्याने पहिला नंबर द्यायचा तर चेतकला द्यावा. सुरुवात दिखाऊपणाने झाली आणि पुढे तिने आपलं काम ओळखलं.

कायनेटिकचं तसं अजून झालेलं नाही. १९८४ ची कायनेटिक होंडा हा खरोखर क्रांतीचा ऐवज होता. गियर नाहीत, किकेची सक्ती नाही, बटण दाबलं की चालू. ज्या घरात स्कूटर वडिलांची होती त्या घरात कायनेटिक आईचीही झाली, ताईचीही झाली. पेट्रोल ती राजेशाही प्यायची, ॲव्हरेज विचारणाऱ्याला मालक विषय बदलून उत्तर द्यायचा, पण तिने रस्ता उघडून दिला आणि पुढच्या सगळ्या बिनगियरच्या स्कूटरा त्याच रस्त्याने आल्या. २८ जुलै २०२५ रोजी डीएक्स हेच नाव घेऊन विजेची स्कूटर आली. किंमत सुमारे १ लाख ११ हजारांपासून, सीटखाली ३७ लिटर जागा. चार्जरची वायर गाडीच्या आतच गुंडाळलेली असते, ओढायची आणि प्लगला लावायची. ही सोय ज्याने केली त्याने पार्किंगमध्ये वायर विसरून आलेल्या माणसाचं दुःख पाहिलेलं असणार. चेहराही जुन्या डीएक्सचा, चौकोनी आणि ओळखीचा. अडचण एवढीच की आजोबांनी लावलेला शोध आज सगळ्या गल्लीचा झाला आहे. विजेची प्रत्येक स्कूटर बिनगियरचीच असते आणि बटणानेच चालू होते. बाजारात अशा डझनभर उभ्या असताना डीएक्सकडे आज स्वतःचं असं एक नाव आणि एक वायर आहे. नाव गोड आहे. वायर जास्त कामाची.

लूनाबद्दल मात्र गाडीवेडे बोलतच नाहीत, आणि तिथेच त्यांचं चुकतं. १९७२ मध्ये, म्हणजे चेतकच्याच वर्षी, फिरोदियांच्या कायनेटिकने ५० सीसीची, पेडल असलेली लूना काढली. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी जायची सोय. पोस्टमन, प्राध्यापक, दूधवाला, नुकती नोकरी लागलेला क्लार्क अशा सगळ्यांची ती पहिली गाडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना ७० हजारांच्या आत आली. ताशी ५० किलोमीटरचा वेग, दीडशे किलोचं ओझं, पुढे सामान ठेवायला सपाट जागा, मागची सीट काढून टाकायची सोय. टचस्क्रीन नाही, गाणी नाहीत, गाडी तुमच्याशी बोलत नाही. जिला बघून कुणी मान वळवणार नाही अशी ही गाडी. पण भाजीची दोन क्रेट आणि गॅसची टाकी घेऊन ती दिवसभर फिरू शकते आणि रात्री साध्या प्लगला लागते. लूनाने पन्नास वर्षांपूर्वी जे काम केलं तेच आज, त्याच माणसासाठी, कमी खर्चात करायचा प्रयत्न आहे. आजोबांचं नाव शोभतं ते अशा नातवाला.

जावा-येझदीचा प्रकार डीएक्स आणि लूना यांच्या मधला. नव्या जावाला एकच सिलिंडर असून दोन बाजूंना दोन सायलेन्सर ठेवले, कारण जुन्या जावाला तसेच होते. देखणी गाडी, तब्येतीने बनवलेली. पण जावाची ओळख दिसण्याइतकीच आवाजात होती. टू-स्ट्रोकचा तो फुटाण्यासारखा आवाज फोर-स्ट्रोक इंजिनातून काढता येत नाही, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ते बरंच आहे. गाडीवेडा हे मान्य करतो, फक्त मान्य करताना त्याचा चेहरा पडलेला असतो.

या जुन्या नावांच्या वरातीत काही नव्या नावांकडे मात्र दुर्लक्ष होतं. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने फ्रीडम १२५ आणली, सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल. सीटखाली दोन किलोची सीएनजीची टाकी, तिला सळ्यांच्या पिंजऱ्याचं संरक्षण, आणि शिवाय दोन लिटर पेट्रोल. कंपनीच्या दाव्याप्रमाणे दोन्ही मिळून सुमारे ३३० किलोमीटर. रविवारी सकाळी ताम्हिणीला जाऊन मिसळ खाणाऱ्या मंडळींनी तिची टिंगल केली, कारण पिकअप नाही, दिसायला लांबोडकी. पण रोज साठ-सत्तर किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्या कामगाराच्या खिशाचा विचार करून एवढी अवघड गोष्ट बनवली गेली आणि तिला कुठल्या आजोबांचा आधार नव्हता. काही महिन्यांतच किंमत कमी करावी लागली. सीएनजीच्या पंपावर रिक्षांच्या रांगेत उभं राहायची लोकांची तयारी नव्हती हे एक कारण उघडच आहे. गाडी फसली असं म्हणायची घाई कुणी करू नये. सीएनजी पंपावर दुचाकींची वेगळी रांग लागली तर हिचं नशीब बदलू शकतं, आणि ती रांग लावणं बजाजच्या हातात नाही.

नव्या नावाचीही कटकट कमी नसते. महिंद्राने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चाकणला तयार होणाऱ्या आपल्या विजेच्या गाडीचं नाव बीई ६ई असं जाहीर केलं. विमानं उडवणाऱ्या इंडिगोचा कोड ६ई. ती कंपनी कोर्टात गेली आणि काही दिवसांतच महिंद्राने ‘ई’ गाळून नाव बीई ६ केलं. जुनं नाव वापरलं असतं तर ही भानगड झाली नसती, असं कुणी म्हणेल. पण बीई ६ बघितली की तिच्यावर कुठलंच जुनं नाव बसलं नसतं हे कळतं. टोकदार, विचित्र, काहींना सुंदर आणि काहींना पोरकट वाटणारी; कुणाचीही आठवण करून न देणारी. १८ लाख ९० हजारांची ही गाडी आवडो न आवडो, ज्यांनी ती काढली ते मागे वळून बघत नव्हते. गाडीवेड्याच्या लेखी हा मोठा गुण आहे. वीस वर्षांनी कुणाला तरी हे नाव परत आणावंसं वाटेल, तर ते अशाच गाडीचं.

गाडीचं भवितव्य नावावरच ठरतं असंही नाही; करांचा एक चिमटा इथे आठवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते ३४९ सीसी. एका सीसीने वाचली, आणि स्वस्त झाली. तिच्याच घरची हिमालयन ४५० महाग झाली. पुढच्या काही वर्षांत मोटरसायकलींची इंजिनं किती मोठी असावीत हे अभियंत्यांइतकंच हा आकडा ठरवील. चार मीटरच्या आतल्या गाडीला सवलत मिळाल्यावर शेपूट तुटल्यासारख्या डिकीच्या सेडान कशा निपजल्या, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बुलेटला मात्र या सगळ्या परतीच्या सोहळ्याची गरजच पडली नाही. ती कधी गेलीच नव्हती.

आणि शेवटी ते नाव, ज्याची सगळे वाट बघतात. यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढंच आयुष्य. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. नव्वदच्या दशकात कॉलेजच्या गेटसमोर जिने चाक उचललं नाही असं एकही शहर महाराष्ट्रात नसेल. नीट जपलेली आरएक्स आज लाखाच्या पुढे जाते, म्हणजे नवी असतानाच्या किमतीच्या कैकपट. दर वर्षी कुठून तरी बातमी फुटते की आरएक्स १०० परत येतेय, व्हॉट्सॲपवर कुणाच्या तरी संगणकात बनवलेला फोटो फिरतो, आणि पन्नाशीचे गृहस्थ एकमेकांना अंगठे पाठवतात.

यामाहाच्या भारतातल्या प्रमुखांनी यावर जाहीरपणे सांगितलं होतं की हे नाव कुठल्याही गाडीला लावायचं नाही. ती हलकी हवी, जोरकस हवी, आणि टू-स्ट्रोक आता नियमांत बसत नसल्याने फोर-स्ट्रोकमध्ये तोच जोर काढायला मोठं इंजिन लागेल. नुसतं टाकीवर नाव चिकटवलं तर नावाचीच माती होईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये यामाहाने गोल दिव्याची, जुन्या धाटणीची एक मोटरसायकल भारतात आणली, दीड लाखाच्या आसपास. तिला आरएक्स म्हटलं असतं तर पहिल्या दिवशी किती बुकिंग आलं असतं याचा हिशोब कुणालाही करता येतो. यामाहाने तिचं नाव एक्सएसआर १५५ ठेवलं, जगभरात जे आहे तेच.

ती कशी चालते यावर गाडीवेड्यांच्या टोळक्यात दोन तट पडलेले आहेत. इंजिन गुळगुळीत आहे म्हणणारे एकीकडे, फारच सभ्य आहे म्हणणारे दुसरीकडे. आरएक्स १०० शी तुलना मात्र कुणी करत नाही. टपरीच्या बाहेर एखादी जुनी आरएक्स उभी असली तर वाद तिथेच थांबतो, तिचा मालक चोक ओढतो, एका किकेत ती पेटते, आणि निळा धूर चहाच्या वाफेत मिसळेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात.